फोर्ट स्टिकिन, १४ एप्रिल १९४४: गोदीतल्या माणसांचं काय झालं?

मांडवीकर

एप्रिल आला की मुंबईच्या गोदीतल्या जहाजाच्या स्फोटाचे संदेश फिरू लागतात आणि प्रत्येकात सोन्याच्या विटा असतात. विटा उडाल्या हे खरंच आहे. जहाजात ३१ पेट्या सोनं होतं, एक वीट दीडेक किलोमीटरवरच्या एका पारशी गृहस्थाच्या घरात जाऊन पडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. पुढे १९७० च्या दशकापर्यंत गाळ उपसताना विटा सापडत होत्या. पण त्या दुपारी जहाजातून माल कोण उतरवत होतं, धक्क्याच्या भिंतीला लागून कोण राहत होतं, आणि आग विझल्यावर त्यांच्या घरातली चूल कशी पेटली, हे कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा काढतोय. ज्यांच्या घरात काही आठवणी असतील त्यांनी जरूर लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

ज्यांना घटना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

'फोर्ट स्टिकिन' हे सुमारे ७,१०० टनांचं मालवाहू जहाज, १९४२ मध्ये कॅनडात प्रिन्स रूपर्टला बांधलेलं. २४ फेब्रुवारी १९४४ ला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, कराचीला थांबलं आणि १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात जवळजवळ १,४०० टन दारूगोळा: टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे. शिवाय लढाऊ विमानं. कराचीला काही माल उतरला, तेव्हा रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या गासड्या, तेलाची पिंपं, लाकूड, भंगार असं जे मिळेल ते कोंबलं. पेटणारं आणि फुटणारं सगळं एकाच जहाजात भरताय, अशी तक्रार कप्तान नाइस्मिथ यांनी केली होती. युद्धाच्या धामधुमीत ती कोणी मनावर घेतली नाही. दोन नंबरच्या हॅचमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या कोठारात, खाली कापूस होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात घातक स्फोटकं. असा माल आणणाऱ्या जहाजावर लाल बावटा चढवतात. तो चढवला नव्हता.

१४ तारखेला, शुक्रवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास आसपासच्या जहाजांवरच्या काही लोकांना धूर दिसला होता. फोर्ट स्टिकिनवर आगीची बोंब झाली ती दोनच्या आसपास. बंब आले, ९०० टनांहून जास्त पाणी हॅचमध्ये ओतलं, पण आग नेमकी कुठे आहे हे धुरामुळे कोणाला दिसत नव्हतं. जहाज ओढून बाहेर काढायचं, की जागीच बुडवायचं, की पाणी मारत राहायचं? कप्तान, बंबाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स, दारूगोळा खात्याचे अधिकारी आणि पोर्ट ट्रस्टचे साहेब, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. अखेरचा शब्द कोणाचा, हेच ठरलेलं नव्हतं. माझ्या मते आगीपेक्षाही याने घात केला.

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. साडेचारच्या सुमारास दुसरा. १२ किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. आजूबाजूची अकरा जहाजं बुडाली किंवा बुडायच्या बेताला आली. 'जलपद्म' नावाचं जहाज तर पाण्यातून उचललं गेलं आणि त्याचा मागचा भाग धक्क्यावरच्या शेडच्या छपरावर जाऊन बसला. जळता कापूस आणि तापलेलं लोखंड मांडवी, मशीद बंदर, दाणाबंदर भागांत पाऊस पडावा तसं पडलं. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले.

सरकारी आकडा साधारण ७४० मृत आणि १,८०० जखमी. काही अंदाज १,३०० पर्यंत जातात. ८०,००० लोक बेघर झाले आणि ५०,००० जणांचा रोजगार गेला.

७४० आणि १,३०० यांच्यात साडेपाचशेच्या वर माणसांची तफावत आहे. माझा सगळा प्रश्न त्या तफावतीबद्दल आहे. सैनिकांची हजेरी असते, बंबवाल्यांची असते, जहाजाच्या खलाशांचीही यादी असते. रोजंदारीवरच्या हमालाची हजेरी मुकादमाच्या खिशातल्या वहीत. मुकादम आणि वही दोन्ही गेल्यावर तो माणूस कामावर होता हे सांगणार कोण?

स्वप्नील_डोंबिवली

छान माहिती. पण सोन्याच्या गोष्टीवर राग कशाला? त्या गोष्टीमुळेच तर लोकांना ही घटना आठवते. मीही लहानपणी सोन्याचीच गोष्ट ऐकली आणि मग बाकीचं शोधून वाचलं.

मांडवीकर

स्वप्नील, राग नाही. फक्त ती गोष्ट तिथेच थांबते याचं वाईट वाटतं. तुम्ही पुढचं शोधलंत, बहुतेक जण शोधत नाहीत.

बंबवाला

मुंबई अग्निशमन दलात नोकरी करून निवृत्त झालो. आमच्याकडे भरती झाल्यावर पहिल्या काही दिवसांत फोर्ट स्टिकिनचं नाव कानावर पडतं. त्या दिवशी दलाचे ६६ जवान गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात स्मारक आहे आणि दर १४ एप्रिलला तिथे मानवंदना होते. देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो यामुळेच. छातीला छोटा झेंडा लावतात ना, तो याच सप्ताहातला.

पाणी मारून आग का विझली नाही, हे नव्या मुलांना शिकवताना मी नेहमी सांगायचो. प्रेस केलेली कापसाची गासडी पावणेदोनशे किलोच्या आसपास असते आणि दगडासारखी घट्ट. तिला आग लागली की ज्वाळा दिसत नाही, आत धुमसत राहते. वरून कितीही पाणी मारा, आतपर्यंत पोचत नाही. त्यात कापूस तरंगतो. हॅचमध्ये पाणी चढेल तशा जळत्या गासड्या वर उचलल्या जातात, आणि इथे वर काय ठेवलं होतं ते मांडवीकरांनी लिहिलंच आहे. जहाजाच्या बाहेरच्या पत्र्यावरचा रंग एका ठिकाणी फुगून फोड आले होते, म्हणजे आग त्याच्यामागेच होती. तो पत्रा कापून थेट आगीवर पाणी मारायचा विचार झाला, पण कटर चाललाच नाही. पत्रा कापला गेला असता तर काय झालं असतं याचा विचार माझ्या पिढीतल्या प्रत्येकाने केला असेल.

जवानांना खाली काय आहे ते पुरतं माहीत नव्हतं. कळलं तेव्हाही होज सोडून पळाले नाहीत.

अभ्यासू_मंदार

हा जपानी हेरांचा घातपात होता असं वाचलं होतं. त्यात काही तथ्य?

मांडवीकर

चौकशी आयोगाने घातपात मानला नाही. आग अपघाताने लागली, बहुधा कोणाच्या तरी विडी-सिगारेटच्या थोटकाने गासडी पेटली, असा निष्कर्ष काढला. हे थोटूकही आयतं हमालाच्या माथी मारलं जातं. जहाजावर चढणारा प्रत्येक जण ओढत असे, साहेबांसकट. आणि कापूस खाली व स्फोटकं वर ही रचना काही हमालाने ठरवली नव्हती.

अफवा पसरायला सरकारही जबाबदार. बातमीवर सेन्सॉर होता. मुंबईच्या लोकांना धूर दिसत होता, प्रेतं दिसत होती, पण वर्तमानपत्रांना सविस्तर छापायची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने मात्र १५ एप्रिललाच बातमी दिली.

खाणावळवालीची_नात

पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी पणजी चिंचबंदरच्या बाजूला एका चाळीत खाणावळ चालवायची. मूळ गाव वाई तालुक्यात. नवरा लवकर गेला, दोन मुली पदरात. जेवायला येणारे सगळे गोदीतले नाहीतर दाणाबंदरातले हमाल, एकाच गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे. रात्रपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर दिवसपाळीवाला आडवा व्हायचा. जेवणाचा हिशेब महिन्याचा. पणजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती चुलीच्या मागच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारायची. प्रत्येकाचा कोपरा ठरलेला. पाहुणा जेवला तर आडवी रेघ, उपास असला तर टिंब.

पहिल्या आवाजाला ती परातीत पीठ मळत होती. छताची कौलं आत आली. मुलींना काखोटीला मारून पिठाच्या हातांनी बाहेर पडली आणि दोन रात्री रस्त्यावर काढल्या. चाळ नंतर जळाली, भिंतही गेली, म्हणजे तिचं सगळं येणं गेलं. पण आजी सांगायची की पणजी पैशासाठी रडली नाही. परत न आलेल्या जेवणाऱ्यांची चौकशी करायला ती हॉस्पिटलात गेली, तिथे तिला नावं विचारली, आणि तिला आडनावंच ठाऊक नव्हती. एक 'भोरवाला', एक 'पाटणचा थोरला', एक 'पाटणचा धाकटा', एक 'मास्तर' कारण त्याला वाचता यायचं. हॉस्पिटलातल्या माणसाने वही मिटली.

नंतर नुकसानभरपाईचे अर्ज भरले जात होते, तेव्हा कुठल्याशा कचेरीत तिच्याकडे भाड्याची पावती मागितली. पावती जळालेल्या चाळीत. अर्ज तिथेच राहिला. पाटणचा थोरला दिवाळीनंतर आला आणि आपले राहिलेले पैसे देऊन गेला. धाकटा आलाच नाही.

मांडवीकर

ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मला हेच हवं होतं. पणजींचे 'पाटणचा धाकटा', 'भोरवाला' हे उल्लेख मी वेगळे उतरवून ठेवतोय.

जुन्नरकर

आमच्याकडचे पुष्कळ लोक मशीद बंदर, दाणाबंदरात पाठीवर गोणी वाहायचे. आजोबांचे थोरले भाऊ त्यातले. ते त्या दिवशी वाचले, कारण सुगीसाठी गावी आले होते. पण वाचूनही कुटुंबाचं कंबरडं मोडलं ते सांगतो.

काम गोणीवर. जेवढ्या गोण्या उचलल्या तेवढे पैसे. बाजारच जळाला तर उचलणार काय? बंदरातलं पन्नास हजार टनांहून जास्त धान्य खाक झालं. आणि वेळ कुठली बघा: आदल्याच वर्षी बंगालात दुष्काळाने माणसं मेली होती, मुंबईत रेशन सुरू झालं होतं. काळ्या बाजाराला ऊत आला. गावात दरमहा येणारी मनीऑर्डर बंद पडली. आमचीच नाही, त्या आळीतल्या सहा-सात घरांची. आजोबांची शाळा त्या पावसाळ्यात सुटली, ते पुन्हा गेले नाहीत.

थोरले आजोबा जूनमध्ये परत मुंबईला गेले आणि राडारोडा उपसायच्या कामावर लागले. सुमारे ८,००० माणसांनी सात महिने खपून पाच लाख टनांच्या आसपास ढिगारा हलवला आणि गोदी पुन्हा चालू केली. ते सांगायचे की वितळून घट्ट झालेला गूळ आणि लोखंड पहारीने फोडायला लागायचं, आणि मधूनच कोणाचं तरी हाड निघायचं. हाड निघालं की टोळी पाच मिनिटं थांबायची, मुकादमही काही बोलायचा नाही.

उत्तरसरोवर

मी मिशिगनमध्ये राहते. इथे १० नोव्हेंबर १९७५ ला सुपीरियर सरोवरात 'एडमंड फिट्झजेराल्ड' नावाचं मालवाहू जहाज वादळात बुडालं. लोहखनिजाच्या गोळ्या घेऊन डेट्रॉईटच्या बाजूला येत होतं. २९ माणसं होती, एकही वाचला नाही. बहुतेक जण साधे कामकरी: डेकवर, इंजिनात, भटारखान्यात राबणारे. त्यांच्या स्मरणार्थ दर नोव्हेंबरला डेट्रॉईटच्या खलाशांच्या चर्चमध्ये घंटा वाजवायची परंपरा आहे, अनेक वर्षं प्रत्येक माणसासाठी एक टोल द्यायचे. १९९५ मध्ये जहाजाची घंटा तळातून वर काढली आणि तिच्या जागी २९ जणांची नावं कोरलेली दुसरी घंटा खाली ठेवली. मुळची घंटा व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात आहे. मी पाहिली आहे.

तिथे उभी असताना मनात मुंबई आली नव्हती, आज हा धागा वाचून आली. त्या २९ घरांना दरवर्षी आपल्या माणसाचं नाव मोठ्याने ऐकायला मिळालं. पाटणच्या धाकट्याचं नाव त्याच्या आईशिवाय कोणाला माहीत असेल?

स्वप्नील_डोंबिवली

२९ लोकांची यादी करणं आणि हजारभर लोकांची करणं यात फरक आहे ना. त्यात युद्धकाळ. इंग्रजांना दोष देणं सोपं आहे.

कामगारवस्ती

स्वप्नील, फरक संख्येचा नाही, नोंदीचा आहे. तो कुठून आला ते बघू. गोदीतली कामगारभरती ठेकेदार आणि टोळीवाल्यामार्फत व्हायची. सकाळी गेटवर उभं राहायचं, मुकादम बोट दाखवेल तो आत. ही पद्धत बदला, गोदी कामगारांची रीतसर नोंदणी करा, अशी शिफारस कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ मध्येच केली होती. म्हणजे स्फोटाच्या तेरा वर्षं आधी सांगून झालं होतं. गोदी कामगार कायदा आला १९४८ मध्ये आणि मुंबईची योजना १९५१ मध्ये. बाजारातल्या माथाड्यांना तर १९६९ पर्यंत थांबावं लागलं, तेही अण्णासाहेब पाटलांनी लढा उभारला म्हणून. त्या शुक्रवारी गोदीत नोंदणीची वही असती तर आज आपण इथे अंदाज बांधत बसलो नसतो.

आणखी एक. १९४४ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १४ एप्रिल म्हणजे त्यांचा जन्मदिवस. आमच्या वस्तीतले जुने लोक जयंतीच्या दिवशी गोदीत गेलेल्यांसाठीही एक मेणबत्ती लावायचे. आता ती प्रथा राहिली नाही. आमच्या वस्तीत तरी दोन्ही आठवणी एकत्र नांदत होत्या, म्हणून सांगितलं.

कोकणी_माणूस

माझे आजोबा पण बोट बुडाल्याचं सांगायचे. रेवसला जाताना बुडाली तीच ना ही?

मांडवीकर

नाही. ती 'रामदास', १७ जुलै १९४७, प्रवासी बोट. सहाशेच्या वर माणसं गेली, बहुतेक गिरणगाव-गिरगावातून सणाला घरी निघालेली. तुमच्या आजोबांच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

बंबवाला

कामगारवस्ती यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. आमच्या ६६ जणांना दरवर्षी सलामी मिळते आणि मिळायलाच हवी. पण त्याच धक्क्यावर त्यांच्याबरोबर होज ओढायला हात लावणारे गोदीचे मजूर होते, हे आमच्या जुन्या लोकांकडून ऐकलं आहे. स्मारकावर त्यांच्यासाठी एखादी ओळ असावी असं मला सेवेत असतानाही वाटायचं. आता निवृत्त आहे, अर्ज करायला मोकळा आहे. मसुदा कोणी करून देईल का?

कामगारवस्ती

मी करतो. नावं मिळेपर्यंत थांबायची गरज नाही, 'अनोंदित गोदी व बाजार कामगार' एवढं कोरलं तरी पुष्कळ. व्हिक्टोरिया गोदी आता भरणी घालून बुजवली आहे, तिथे बाहेरच्या माणसाला जाता येत नाही. भायखळाच योग्य.

जुन्नरकर

गावाकडून सुरुवात केली तर? त्या सालात मनीऑर्डर बंद झालेली घरं गावातल्या म्हाताऱ्यांना अजून माहीत असतात. शिवाय जन्ममृत्यूची जुनी नोंद तालुक्याला असते. मुंबईत मेलेल्याची गावी नोंद व्हायचीच असं नाही, पण काही घरच्यांनी केली असणार. मी जुन्नर आणि आंबेगाव बघतो.

खाणावळवालीची_नात

मी पाटणला जाऊ शकते. दोन भाऊ, दोघेही गोदीत, धाकटा १९४४ ला गेला. एवढ्यावर गाव सापडलं तर बघते. थोरल्याचे नातू असतील.

मांडवीकर

वा. मग असं करू. जुन्नर-आंबेगाव जुन्नरकर बघतील, पाटण ताई. वाई, भोर, खेड, महाड या बाजूचं कोणी असेल तर सांगा. मी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात नुकसानभरपाईच्या अर्जांची कागदपत्रं मागवून बघतो. नामंजूर झालेले अर्ज जपले असतील तर आपल्याला हवी ती माणसं त्यातच असणार. पुढच्या बुधवारी सकाळी जातोय. मोडी वाचता येणारं कोणी बरोबर आलं तर फार मदत होईल, व्यक्तिगत निरोप करा.

अभ्यासू_मंदार

मोडी येते, सराव आहे. बुधवारी किती वाजता?

मांडवीकर

साडेदहाला, काळा घोड्याच्या बाजूच्या दारात. ओळखपत्र आणि पेन्सिल आणा, आत शाईचं पेन चालत नाही.